बापाच्या भूमिकेसाठी

९ जानेवारी

बाबा,

नमनाला घडाभर तेल घालत नाही. तुमच्यावर सिनेमा निघतोय.

घाबरू नका, तुमचं नाव त्यात कुठेही नाही. कॉलेजातला माझा एक मित्र आहे, आम्ही त्याला चष्मिस म्हणतो. तो दिग्दर्शक आहे, निदान तसं तो सांगतो. बोलता बोलता कधीतरी मी त्याला आपल्या घरातली ती गोष्ट सांगितली होती. रविवारी सकाळी आई म्हणाली, कुकरची रिंग गेलीय, नवी घेऊन या. तुम्ही जुनी रिंग मापाला म्हणून मनगटात अडकवलीत, चपला घातल्यात आणि गेलात, ते गेलातच. मी ही गोष्ट नेहमी हसत हसत सांगते. लोकही हसतात, कारण मनगटात कुकरची रिंग घालून पळून गेलेला माणूस डोळ्यांसमोर आला की हसू येतंच. चष्मिस हसला नाही. त्याने घरी जाऊन पटकथा लिहायला घेतली.

त्याच्या सिनेमात ती मुलगी मोठी होते, बापाला शोधून काढते, त्याच्या समोर बसते आणि विचारते, "बाबा, तुम्ही का गेलात?" बाप उत्तर देतो आणि सिनेमा संपतो. आता अडचण अशी की ते उत्तर चष्मिसला सुचत नाही. त्याने मला विचारलं, "खरं उत्तर काय होतं?" मला माहीत असतं तर मी कधीच दिलं असतं, त्यात काय लपवायचं! म्हणून तुम्हाला लिहितेय.

पत्ता आत्याने दिला. फोन नंबर मात्र दिला नाही, तुम्ही तिला शपथ घातलीय म्हणाली. माणूस घर सोडतो आणि शपथा मात्र घालत राहतो, याची मला गंमत वाटली. असो. पत्रानेच कळवा. एक ओळ पुरे. आणि सिनेमासाठी हवंय, मला नको.

आई बरी आहे. त्या दिवशी तिने तासाभर वाट पाहिली, मग स्वतःच जाऊन रिंग आणली आणि भात लावला. तुम्हाला हे कुणी सांगितलं नसेल म्हणून सांगितलं.

तुमची मुलगी
(तिकडे आणखी असल्या तर, मोठी)

२८ जानेवारी

बाबा,

ताकास तूर लागू दिली नाहीत. अपेक्षा नव्हतीच म्हणा.

तुमच्या गप्प बसण्याचा सिनेमावर झालेला परिणाम कळवते. चष्मिसने शेवटच्या पानावर बापाच्या नावापुढे जागा कोरी ठेवलीय. म्हणाला, "आपण लिहायचंच नाही. निवड चाचणीला येईल त्या प्रत्येक माणसाला तुझा प्रश्न विचारायचा. ज्याचं उत्तर खरं वाटेल तो बाप, आणि त्याचं उत्तर तेच सिनेमाचं उत्तर." उंटावरचा शहाणा आहे अगदी. पण खरं सांगू, मला ते ऐकून बरं वाटलं. कुणीतरी उत्तर देणार होतं.

नावाजलेले नट आम्हाला परवडणारे नाहीत. आमचा चहासुद्धा कॅमेरावाली घरून थर्मासमध्ये आणते. म्हणून जाहिरात दिलीय: "साठी ओलांडलेला पुरुष हवा. अभिनयाचा अनुभव नसला तरी चालेल. सोबत एक फोटो आणावा." खाली जागेचा पत्ता आणि सिनेमापुरतं घेतलेल्या सिमकार्डाचा नंबर आहे. तो फोन माझ्याकडे असतो, कारण दिवसभर दातांच्या दवाखान्यात मी तेच करते, फोन उचलते आणि लोकांना धीर देते.

जाहिरातीचा कच्चा कागद घरी राहिला आणि आईच्या हाती लागला. तिने चष्मा लावून दोनदा वाचला. "अनुभव नसलेला बाप हवाय होय?" म्हणाली. "मग आपलाच चालला असता की." आणि शेंगा सोलायला बसली. मी तिला सगळं सांगून टाकलं. तिने एवढंच विचारलं, "त्यात माझं काम कोण करणार आहे?" मी म्हटलं, तुझं काम लहान आहे, आई. ती म्हणाली, "ते तर तेव्हाही लहानच होतं."

चष्मिसला मी तुमचा पत्ता सांगितलेला नाही. तुम्ही कुठे आहात ते कुणालाच माहीत नाही, असं तो धरून चाललाय. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! पण त्याला पत्ता कळला तर तो कॅमेरा घेऊन तुमच्या दारात उभा राहील, आणि तुम्ही मागच्या दाराने निघून जाल. तुमची ती सवय मला माहीत आहे.

जाहिरातीचं कात्रण गंमत म्हणून सोबत पाठवतेय. तुम्ही येऊ नका.

तुमची मुलगी

११ फेब्रुवारी

बाबा,

चाचण्या सुरू झाल्या. जागा म्हणजे एक शिकवणीचा वर्ग, रविवारी रिकामा असतो. बाक लहान मुलांचे आहेत. त्यात साठी ओलांडलेले पुरुष गुडघे पोटाशी घेऊन बसतात आणि आपला नंबर येईपर्यंत फळ्यावरची भूमिती वाचतात. फळ्यावर कोपऱ्यात "पुसू नये" असं लिहिलंय, म्हणून आम्ही काहीच पुसत नाही.

माझं काम समोरचं वाक्य देण्याचं. सिनेमात मुलीचं काम करणारी नाटकातली एक मुलगी आहे, पण ती चित्रीकरणालाच येणार. तोपर्यंत मुलगी मीच. मी कॅमेऱ्याच्या शेजारी स्टुलावर बसते. मी चित्रात येत नाही, फक्त माझा आवाज येतो. चष्मिसचे दोन नियम आहेत. वाक्य सपाट म्हणायचं, दुकानात भाव विचारावा तसं. आणि समोरच्या माणसाच्या डोळ्यांवरून नजर काढायची नाही, कारण त्याला कुणाकडे तरी बघून बोलायचं असतं. तर मी अशी रविवारभर बसते आणि परक्या पुरुषांच्या डोळ्यांत बघून विचारत राहते, "बाबा, तुम्ही का गेलात?"

काय काय उत्तरं येतात म्हणून सांगू! एक जण म्हणाला, "देशासाठी." चष्मिसने विचारलं, कुकरची रिंग आणायला देशासाठी? तो म्हणाला, तुम्ही तसं आधी सांगायला हवं होतं. एक निवृत्त मुख्याध्यापक मलाच रागवले, "वडिलांना जाब विचारायचा नसतो." एकाने सगळा दोष बायकोवर ढकलला आणि तो इतका रंगात आला की थांबवावं लागलं. एका गृहस्थांनी माझे दोन्ही हात धरले आणि ढसाढसा रडले. चष्मिसला ते खोटं वाटलं. मलाही वाटलं. पण हात सोडवून घ्यायला मला जरा वेळ लागला.

प्रत्येकाला मी शेवटी म्हणते, "कळवतो तुम्हाला." मग आठवड्यात एकेकाला फोन करून सांगते, या वेळी जमलं नाही, काका, पुढच्या वेळी नक्की. दवाखान्याचा आवाज असतो तो, दुखणार नाही म्हणतानाचा. बहुतेक जण "बरं, बरं" म्हणतात. मुख्याध्यापकांनी कारण लेखी मागितलं.

तुम्हाला वाटेल मला याचा त्रास होतो. नाही होत. पहिल्या चार-पाच जणांपर्यंत झाला, मग "बाबा" हा शब्द बोथट झाला. सवय नव्हती ना त्याची, म्हणून सुरुवातीला लागला असेल.

एक मात्र आहे. कुणी चांगलं उत्तर दिलं की मी मनात म्हणते, छे, आमचे बाबा असं बोलणार नाहीत. आणि कुणी वाईट दिलं की वाटतं, हेच असेल. चष्मिस मला विचारतो, "कसा वाटला?" मी काय सांगू त्याला?

तुमची मुलगी

१८ फेब्रुवारी

बाबा,

आज उत्तर मिळालं.

पोहण्याच्या तलावावर जीवरक्षक होते म्हणे, आता निवृत्त. उंच, थोडे वाकलेले, आणि गळ्यात अजून शिट्टी. चष्मिसने शिट्टी काढायला सांगितली तर म्हणाले, राहू दे की, ती नसली तर मान हलकी वाटते. आम्ही त्यांना शिट्टीवाले काका म्हणायला लागलो आहोत. ते बाकावर मावेनात, म्हणून त्यांना खिडकीच्या कट्ट्यावर बसवलं. मी वाक्य दिलं. त्यांनी शिट्टी मुठीत धरली. मग जे बोलले ते मी तुम्हाला जसंच्या तसं लिहिते, कारण मी ते कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर परत परत ऐकलंय:

"निघालो तेव्हा परत येणारच होतो गं. दुकान बंद होतं म्हणून जरा पुढे गेलो. मग वाटलं, अजून जरा पुढे जाऊ. संध्याकाळ झाली. म्हटलं, आता कुठल्या तोंडाने घरी जायचं? त्या दिवशी परत यायला थोडंसंच तोंड लागलं असतं. दुसऱ्या दिवशी त्याहून जास्त. आठवड्याने त्याहून जास्त. मी रोज सकाळी उठून बघायचो, आज आपल्याकडे तेवढं तोंड आहे का. रोज थोडं कमी पडायचं."

बाबा, मी रडले. नियम मोडून डोळे खाली केले, स्टुलावरून उठले आणि जिन्यात जाऊन उभी राहिले. कॅमेरावाली मागून आली आणि थर्मासच्या झाकणात चहा देऊन गेली. चष्मिस आत ओरडत होता, "मिळाला! मिळाला!" जसं काही हरवलेलं पाकीट.

असं कुणी मला सांगितलं असतं ना, तर मी त्याला सगळं माफ केलं असतं. तेव्हाच नाही, पण केलं असतं. हे लिहायचं नव्हतं, पण शाईने लिहिलंय आणि खोडलं की दिसतं.

चष्मिसच्या मते अजून एक रविवार बघून मग ठरवावं, जाहिरात दिलीय तर लोक येणार. मला वाटतं तो स्वतःच्या नशिबावर विश्वास ठेवायला घाबरतोय. पुढच्या रविवारी शेवटची चाचणी, सकाळपासून.

तुमच्या उत्तराची आता गरज उरलेली नाही. ते कळवायला लिहिलं.

तुमची मुलगी

२५ फेब्रुवारी

बाबा,

तुम्ही आलात.

मी दारात नावं विचारत उभी होते. जिन्यातून आधी तुमचं डोकं दिसलं, केस कमी झालेत, आणि मग कॉलरखाली घडी करून खोचलेला रुमाल. तो खोचायची पद्धत मी दुसऱ्या कुणाची पाहिली नाही. तुम्ही चपला दाराबाहेर काढल्यात आणि भिंतीला समांतर लावून ठेवल्यात. बाकी कुणीही चपला काढलेल्या नव्हत्या.

मी म्हटलं, "नाव?" तुम्ही आडनाव सोडून नुसतं नाव सांगितलंत. मी म्हटलं, "काम काय करायचात?" तुम्ही म्हणालात, "कारखान्यात होतो, मॅडम. गेटवर, हजेरीला."

मॅडम म्हणालात मला.

मग पिशवीतून फोटो काढून दिलात. जाहिरातीत लिहिलं होतं म्हणून तुम्ही मुद्दाम स्टुडिओत जाऊन काढून घेतला होता. मागे पडदा, आणि तुम्ही पासपोर्टला बसल्यासारखे ताठ. मी तो बाकीच्या फोटोंच्या खाली ठेवला आणि म्हटलं, "बसा, काका. बोलावतो."

तुम्ही शेवटच्या बाकावर बसलात. मी अधूनमधून बघत होते. तुमचे ओठ हलत होते, परीक्षेच्या आधी मुलं करतात तसे. मला कळेना, तुम्ही काय घोकताय? आणि मग आत कुठेतरी आशेने डोकं वर काढलं, बाबा. मला वाटलं, इतक्या लांबून बसने आलाय हा माणूस, काहीतरी घेऊन आला असेल. मी रिकाम्या स्टुलावर आधीच जाऊन बसले. चष्मिस म्हणाला, घाई काय आहे?

तुम्हाला खुर्चीत बसवलं. कॅमेरावालीने मान जरा डावीकडे करायला लावली. मी तुमच्या डोळ्यांत बघितलं. नियमच होता, नाहीतर माझी हिंमत झाली नसती. आणि विचारलं. चष्मिस नंतर म्हणाला, आज तू वाक्य सपाट म्हटलं नाहीस.

तुम्ही म्हणालात, "निघालो तेव्हा परत येणारच होतो गं."

मला पहिल्यांदा वाटलं, माझ्याच कानात ते वाक्य वाजतंय. मग तुम्ही पुढे म्हणालात, "दुकान उघडं होतं," आणि थांबलात. घाबरलात. "नाही, बंद होतं. दुकान बंद होतं म्हणून जरा पुढे गेलो." आणि मग सगळं तसंच, माझ्या पत्रातलं, ओळीमागून ओळ. तोंड लागलं असतं, त्याहून जास्त, आठवड्याने त्याहून. तुम्ही ते पाढ्यासारखं म्हणत होतात. "आज आपल्याकडे तेवढं तोंड आहे का. रोज..." म्हणालात आणि अडलात. तुम्हाला पुढचं आठवेना. तुम्ही माझ्याकडे बघितलंत.

वाक्य अडलं की द्यायचं, हे माझं काम. मी हळूच म्हटलं, "थोडं कमी पडायचं."

"हां," तुम्ही म्हणालात. "रोज थोडं कमी पडायचं."

माझ्या बापाची माफी मी त्याला आठवून दिली. एवढंच मला आज करता आलं.

चष्मिस भडकला. "हे यांना कुणी सांगितलं? हे उत्तर या खोलीबाहेर गेलंच कसं?" मग तुमच्याकडे वळून, "तुम्ही ओळखता का इथे कुणाला?" तुम्ही म्हणालात, "नाही, साहेब." मग त्याने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "मी नाही ओळखत यांना." दोघंही खोटं बोलताना अगदी सराईत होतो. आनुवंशिक असेल.

तुम्ही खुर्चीतून उठायला चाचपडत होतात. चष्मिसने तुमच्यासमोरच कॅमेरावालीला सांगितलं, "काढून टाक हे. शब्द पाठ केलेत नुसते. बाप वाटतच नाही." मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली, आणि त्याच वेळी मला म्हणायचं होतं, हो ना, मलाही कधी वाटला नाही. मी यातलं काहीच केलं नाही. मी तुम्हाला दारापर्यंत सोडायला आले आणि म्हटलं, "कळवतो तुम्हाला." तुम्ही चपला घातल्यात. "कसं झालं?" असं अगदी हळू विचारलंत. मी म्हटलं, "चांगलं झालं, काका." तुम्ही जिना उतरून गेलात. मी खिडकीशी गेले, पण ती मागच्या बाजूला उघडते.

मला तुमचा भयंकर राग आलाय. तुम्हाला स्वतःचं एक वाक्य सुचलं नाही? वाईट चाललं असतं. देशासाठी म्हणाला असतात तरी चाललं असतं. मला आवडलेलं दुसऱ्याचं उत्तर तुम्ही माझ्यासाठी पाठ करून आणलंत, बाजारातून आयतं आणल्यासारखं. आणि मी हे लिहितेय तर रागाच्या खालून दुसरंच वर येतंय, की माझी पत्रं तुम्ही इतक्या वेळा वाचलीत की ती तुम्हाला पाठ झाली.

सामान आवरताना कॅमेरावाली वायर गुंडाळत म्हणाली, "त्या माणसाचे आणि तुझे कान अगदी सारखे आहेत." मी केस कानांवर ओढून घेतले. तिने पुढे विचारलं नाही.

घरी आले तर आई कपड्यांच्या घड्या घालत होती. मी विचारलं, "आपल्या कोपऱ्यावरचं भांड्यांचं दुकान रविवारी बंद असायचं का गं?" ती म्हणाली, "छे, दुपारपर्यंत उघडं असायचं. त्या दिवशी मीच नाही का जाऊन आले?"

म्हणजे दुकान उघडं होतं. तेवढं एक तुमचं स्वतःचं होतं, आणि तुम्ही ते चूक समजून दुरुस्त केलंत. उघडं होतं तर पुढे काय झालं, बाबा? आत गेलात का? रिंग घेतलीत का? 

हे पत्र टाकणार आहे की नाही, मला माहीत नाही.

२ एप्रिल

बाबा,

मागचं पत्र टाकलं नाही. हेही टाकणार नाही. पण लिहिल्यावाचून राहवत नाही, सवय लागलीय.

शिट्टीवाले काकांची निवड झाली. चित्रीकरण सुरू आहे. आमच्यात कपडेपट वगैरे नाही, ज्याच्या घरी जे असेल ते आणायचं. चष्मिसने मला विचारलं, तुझ्या बाबांचा एखादा जुना शर्ट आहे का? मी आईला विचारलं. ती म्हणाली, "होते की. त्यांची फडकी होऊन फडकीसुद्धा झिजून गेली." मग काकांचाच शर्ट वापरला.

विजार तेवढी शिवायची होती, तिची मापं घेताना मी काकांना विचारलं, "ते उत्तर तुम्हाला कसं सुचलं? घरी काही झालं होतं का?" ते शिट्टी चाचपत हसले. "घर कुठलं गं? लग्न केलं नाही, पोरंबाळं नाहीत. मी कुणाला सोडून जाणार? तलावावर लोक काठावर उभे राहायचे, उडी मारू की नको करत. जितका वेळ उभे राहतील तितकं अवघड होत जायचं. तेच जरा फिरवून सांगितलं." मी टेप गुंडाळून ठेवली. ज्या उत्तरावर मी माफ करायला निघाले होते, ते कुणाचंच नव्हतं.

त्यांच्यावर रागावून काय करू? माणूस चांगला आहे. शेवटचा प्रसंग चित्रित झाला तेव्हा नाटकातली मुलगी खरंच रडली. मी नाही रडले. मी आपली मनात म्हणत होते, दुकान उघडं होतं.

आता खरी गोष्ट. सगळ्यांना नकार कळवून झालेत. कागदावर तुमच्या नावाशी आले आणि मी कागद मिटला. म्हटलं, उद्या करू. तर दुसऱ्याच दिवशी, मंगळवारी दुपारी, तुमचाच फोन आला.

"हॅलो, सिनेमाचं ऑफिस ना? मी त्या रविवारी आलो होतो, मॅडम. कारखान्यात गेटवर होतो तो. काही कळलं का?"

जमलं नाही, काका, पुढच्या वेळी नक्की. इतकंच म्हणायचं होतं. तोंडपाठ होतं मला. मी म्हटलं, "अजून ठरलं नाही."

"बरं, बरं. मग कधी करू?"

"मंगळवारी करा."

तुम्ही मंगळवारी केलात. मी म्हटलं, अजून ठरलं नाही. त्याच्या पुढच्या मंगळवारीही केलात. एकदा म्हणालात, "दिग्दर्शक साहेब रागावले होते त्या दिवशी. तुम्हाला काही बोलले नाहीत ना?" मी म्हटलं, नाही. एकदा विचारलंत, "घरी सगळे ठीक, मॅडम?" मी म्हटलं, हो, आई बरी आहे. तुम्ही "छान, छान" म्हणालात. एकदा माझा घसा बसला होता, धुळीत ओरडून ओरडून. तुम्ही म्हणालात, "मिठाच्या गुळण्या करा. लहानपणापासून..." आणि खोकलात. मी गुळण्या केल्या. मंगळवारी मी आता दवाखान्यात जेवायची वेळ पुढे ढकलते.

चष्मिस म्हणतो चित्रीकरण संपलं की ते कार्ड बंद करून टाकू, उगाच कशाला चालू ठेवायचं. मी म्हटलं, मला दे, मी भरेन त्याचं. त्याने विचारलं, कशाला? मी म्हटलं, कुणी चुकून फोन केला तर? त्याला हे पटलं नाही, पण त्याने दिलं.

मी तुम्हाला माझा नंबर देऊ शकत नाही. दिला तर कोणत्या नात्याने दिला ते सांगावं लागेल. सांगितलं तर तुम्हाला उत्तर द्यावं लागेल, आणि ते तुमच्याकडे नाही, मला आता कळलंय. असेल तर त्याला तुम्ही चूक समजता. बरं, तुम्ही का गेलात ते मला अजूनही हवंय. वय वाढलं, केस पिकायला लागले, तरी हवंय. पण ऑफिसच्या फोनवर मी ते विचारू शकत नाही, तिथे मी मॅडम आहे.

आज मंगळवार. तुम्ही फोन केलात.

"किती जण उरलेत आता, मॅडम?"

मी म्हटलं, "दोघं."

"म्हणजे मी आणि...?"

"आणि एक काका आहेत."

"ते चांगलं करतात?"

"खूप चांगलं करतात."

मागे कुठेतरी नळ वाहत होता, कुणीतरी तो बंद केला. मग म्हणालात, "मग त्यांनाच देऊन टाका. माझ्यामुळे नका अडवून ठेवू. मी आपला मंगळवारी फोन करून विचारत जाईन. चालेल ना?"

मी म्हटलं, "चालेल."

माझ्या तोंडात आलं होतं, बाबा. अगदी ओठावर होतं. पण तेवढ्यात तुम्ही पलीकडून म्हणालात, "ठेवतो हं, मॅडम," आणि मी म्हटलं, "ठेवा, काका."